फोटो बरे येतात, पण सगळे एकसारखेच. आता काय करू?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस. दीड वर्षापूर्वी सेकंडहँड डीएसएलआर घेतलास, त्यावर १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते ती साधी झूम लेन्स आहे. फोटो शार्प येतात, एक्स्पोजर बरं असतं, मित्र वाहवा करतात. पण गेले सहा महिने जो फोटो काढतोस तो आधी कधीतरी काढलाय असंच वाटतं. सिनियर म्हणाले, 'एक्सपरिमेंट कर', म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवून लाँग एक्स्पोजर केलंस, अंधारात टॉर्च फिरवून लाइट पेंटिंग केलंस, बादलीत पडणारे थेंब टिपलेस. चार दिवस मजा आली आणि पुन्हा जैसे थे. आता साठवलेल्या ८ हजारांत ५० एमएमची लेन्स घ्यावी की कोर्स करावा, हे विचारतोयस.

मी २७ वर्षं याच धंद्यात आहे. लग्नं, कारखान्यांची कामं, अधूनमधून मासिकांसाठी फोटो. हाताखाली बरीच पोरं शिकून गेली. तुझ्यासारखीच तक्रार घेऊन आलेली निम्मी तरी असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक कबूल करतो. तुला यातून पुढे पोट भरायचं आहे की हौस म्हणून करायचं आहे, हे तू सांगितलेलं नाहीस. लग्नाच्या कामात शिरायचं असेल तर एखाद्या चांगल्या फोटोग्राफरची बॅग वर्षभर उचलणं हाच सगळ्यात स्वस्त कोर्स, आणि त्याला खाली लिहिलेलं सगळं लागू होईलच असं नाही. पण हौसही असेल आणि पुढचं पुढे बघू असा विचार असेल, तर वाच.

तू केलेस ते प्रयोग नव्हते, त्या करामती होत्या. करामती वाईट नसतात, पण त्यातून माणूस फारसं शिकत नाही, कारण त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. टॉर्च फिरवला की रेघ उमटणारच. तू सायन्सचा विद्यार्थी आहेस. प्रॅक्टिकलला काय करतोस? एक गोष्ट बदलतोस, बाकीच्या तशाच ठेवतोस, काय झालं ते जर्नलमध्ये लिहितोस. कॅमेऱ्याबाबत तू नेमकं उलटं केलंस. जागा, वेळ, लेन्स, विषय सगळं एकदम बदललंस आणि लिहून काहीच ठेवलं नाहीस. मग काय बदलल्यामुळे काय झालं, हे कळणार कसं?

म्हणून पहिलं काम घरबसल्या करायचं आहे. गेल्या सहा महिन्यांतले सरसकट ५०० फोटो घे, आवडते निवडू नकोस. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ (झूम किती एमएमवर होता), अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं तो एफचा आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर आणि वेळ नोंदलेली असते. वहीत पाच रकाने पाड आणि मोज: किती फोटो १८वर, किती ५५वर, किती मधले, किती उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून, किती संध्याकाळी पाच ते सात या वेळेत. पैज लावत नाही, पण माझ्याकडे आलेल्या पोरांचा अनुभव सांगतो. झूम असूनही सगळे दोनच टोकांना असतात. काही मावलं नाही की १८, लांब वाटलं की ५५. आणि सगळे उभ्याने. म्हणजे तुझे फोटो एकसारखे येतात यात नवल काही नाही, तू एकाच ठिकाणाहून एकाच तऱ्हेने बघतोयस. हा आकडा हातात आला की निम्मं काम झालं.

मग लेन्सवर चिकटपट्टी लाव. गंमत करत नाहीये. झूमची रिंग ३५ एमएमवर आण आणि कागदी टेप गुंडाळून टाक, महिनाभर काढायची नाही. तुझ्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर ३५ म्हणजे फुल फ्रेमवरच्या (जुन्या रोलच्या फ्रेमएवढ्या सेन्सरवरच्या) ५० ते ५५च्या आसपास. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम ५० एमएमवरच केलं, म्हणजे या एका कोनात काही कमी पडतं अशातला भाग नाही. झूम अडकला की पाय हलायला लागतात. आणि पाय हलले की एक गोष्ट कळते, जी पुस्तकात वाचून पटत नाही: चेहरा फताडा दिसणं, नाक मोठं दिसणं, मागचा डोंगर अंगावर आल्यासारखा वाटणं, हे लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होतं.

पटत नसेल तर टेप लावायच्या आधी एक तास काढ. मित्राला खुर्चीत बसव, मागे दहाएक फुटांवर दार किंवा झाड असू दे. ५५ एमएमवर दोन मीटरवरून फोटो घे. मग १८वर ये आणि डोकं फ्रेममध्ये तेवढंच मोठं दिसेपर्यंत पुढे सरक. साधारण ६५ सेंटिमीटरवर येशील, म्हणजे जवळजवळ त्याच्या मांडीवर. दोन्ही फोटो शेजारी ठेव. डोकं तेवढंच, पण दुसऱ्यात नाक पुढे आलेलं, कान मागे गेलेले, आणि मागचं झाड लहान होऊन लांब पळालेलं. आता तिसरा फोटो घे: दोन मीटरवरच उभा राहा आणि १८वर काढ. त्यातला मधला तुकडा कापून मोठा कर. डोक्याची ठेवण पहिल्या फोटोसारखीच येईल. लेन्स १८ असूनही. आधी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं असतं, फ्रेम किती घ्यायची हे नंतर, एवढं या तीन फोटोंत कळतं. मला हे कळायला धंद्यातली पाचसहा वर्षं गेली, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

उजेडाचं म्हणशील तर खिडकी आणि स्टीलचा तांब्या पुरे. स्टील लबाडी करत नाही. खिडकी कुठे आहे, केवढी आहे, पडदा आहे की नाही, समोर पांढरी भिंत आहे की निळी, आणि तू कुठला शर्ट घातलायस, सगळं त्याच्या पोटावर दिसतं. मग तांब्याच्या जागी उकडलेलं अंडं ठेव आणि सावलीची कड बघ. खिडकीजवळ कड मऊ असते, उजेडातून सावलीत कधी गेलो ते कळत नाही. अंडं खोलीत आत आत नेत गेलास की कड आवळत जाते. इन्व्हर्स स्क्वेअरचा नियम (अंतर दुप्पट तर उजेड पाव) इथे आठवेल तुला, पण तो बिंदूएवढ्या दिव्याला नीट लागू पडतो. खिडकीच्या अगदी जवळ असताना उजेड त्या हिशोबाने कमी होत नाही. मोजून बघ, तुझ्या कॅमेऱ्यातच उजेड मोजायचं मीटर आहे. अंड्यानंतर आजीला तिथे बसव. पोर्ट्रेटसाठी नावाजलेले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष यांनी काढलेले चेहरे मिळाले तर डोळ्यांत बघ. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका कुठे आहे, गोल आहे की चौकोनी, यावरून उजेड कुठून आला ते शोधून काढता येतं. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या होमाई व्यारावालांच्या फोटोंत सावल्या बघून सूर्य कुठे होता ते सांगायचा प्रयत्न कर. हा खेळ एसटीत बसूनही खेळता येतो.

आणि तू कोल्हापुरात राहतोस. सूर्याच्या चालीचा असा धडा दुसऱ्या गावाला मिळत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला असतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. या दोनच वेळा का, याचा विचार केलायस? २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. त्याच्या सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो आकाशात त्याच ठिकाणी मावळतो. हिशोब तेवढाच. आत जाऊन फोटो काढ असं म्हणत नाहीये, तिथे हात जोडून नुसतं बघायचं. पण तुझ्या घरातल्या पश्चिमेच्या खिडकीलाही हाच नियम लागू आहे. नोव्हेंबरात आजीच्या खुर्चीवर पडलेली तिरीप डिसेंबरात सरकली म्हणून हळहळू नकोस, फेब्रुवारीत ती परत येणार. तारीख वहीत लिहून ठेव.

एक्स्पोजरचं मी लांबवत नाही, फक्त एक सवय सांगतो. मीटर बघायच्या आधी अंदाज बोल. उघड्या उन्हात आयएसओ (फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १०० असेल तर एफ १६ला १/१०० किंवा १/१२५. तिथून मनात स्टॉप मोजत जा, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा: ढगाळ झालं, दोन-तीन स्टॉप, झाडाखाली गेलो, तीन-चार. मग मीटर बघ आणि किती चुकलो ते लिही. कॅमेऱ्याला पांढरं धोतर आणि काळी म्हैस यातला फरक कळत नाही, त्याला दोन्ही राखाडी करायची असतात. धोतराला एक-दीड स्टॉप वाढवायचा, म्हशीला तेवढाच उतरवायचा. अंदाज पक्का नसला की काय होतं ते मी भोगलंय. रोलच्या काळात एका लग्नाला १००ची फिल्म भरली आणि आयएसओची डायल ४००वर राहिली. आदल्या दिवशीच्या कामाची. दोन स्टॉप कमी. चार रोल, अक्षता ते पाठवणी. मांडवातले सगळे चेहरे चिखलासारखे. नवरीच्या वडिलांनी अल्बम उघडला, दोन पानं उलटली आणि बंद करून मला चहा विचारला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फिल्मवरचा आकडा आणि डायल जुळत नव्हते, पण उजेड बघूनच मला कळायला हवं होतं की मांडवात १/५०० येऊच शकत नाही.

आता ज्याने मला सर्वात जास्त शिकवलं त्याकडे येतो: एकच जागा, पुन्हा पुन्हा.

पन्हाळ्याच्या पायथ्याला एक गुऱ्हाळ होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन रोल घेऊन गेलो होतो, म्हणजे ७२ फोटो. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत रस उकळतोय, पांढऱ्या वाफेचे लोट छपरापर्यंत जातायत, चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस घामाने निथळतोय. याहून चांगलं दृश्य काय असतं? धडाधड काढले. प्रिंट आल्या आणि वाफच नाही. काहिल आहे, माणसं आहेत, सगळं स्वच्छ, सपाट, आणि वाफेच्या जागी कळकट पांढुरका डाग. लॅबवाल्याशी भांडलो.

पुढच्या आठवड्यात परत गेलो, तसाच उभा राहिलो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, म्हातारा होता. मळी काढता काढता म्हणाला, 'सायब, उन्हाकडं पाठ करून काय दिसतंय तुमास्नी? हिकडं या की.' मी वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो. समोर जरा तिरकी पूर्वेची उघडी बाजू, तिथून ऊन वाफेतून आरपार माझ्याकडे येत होतं, आणि वाफेच्या मागे धुराने काळी पडलेली भिंत. लोट असे दिसले की हात लावावा. पाक कुठवर आलाय ते बुडबुड्यांवरून ओळखणारा माणूस तो, उजेड कुठल्या बाजूने घ्यायचा हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

कारण नंतर शोधलं. वाफेचे बारीक थेंब अंगावर पडलेला उजेड बराचसा पुढच्याच दिशेने फेकतात. उजेड त्यांच्या पलीकडून आला तर ते झळाळतात, आपल्या पाठीमागून आला तर जेमतेम दिसतात. आणि मागे काळोख हवा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं. धूळ, धुकं, पावसाच्या सरी, जोतिबाच्या यात्रेत उधळलेला गुलाल, सगळ्यांना हेच. गुलालाचे तुझे फोटो फिके का आले, त्याचं उत्तर बहुतेक यात आहे.

त्या हंगामात मी तिथे नऊ वेळा गेलो. तिसऱ्या खेपेपर्यंत वाफेचे चांगले फोटो झाले होते, आणि कंटाळा आला. खरं काम त्यापुढे सुरू झालं. वाफ संपली तेव्हा मला काहिल उतरवतानाचे चौघांचे हात दिसले. मग वाफ्यात (गूळ थंड करायच्या जागेत) ओतलेल्या गुळाची कड थिजताना कशी चमकते ते दिसलं. मग पहाटे, ऊन नसताना, नुसत्या चुलवाणाच्या जाळावर काम करणारी माणसं: चेहरे खालून उजळलेले, लालबुंद, आणि बाहेर निळी पहाट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरायची सेटिंग, ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा हा लाल-निळा झगडा मिटवून टाकायला बघतो. तो डेलाइटवर ठेव आणि झगडा राहू दे. माणसंही सातव्या खेपेपर्यंत माझ्याकडे बघायची थांबली होती. तू ज्याला 'सगळे फोटो एकसारखे' म्हणतोस तो बहुतेक तिसऱ्या खेपेचा कंटाळा आहे. तिथून तू दुसऱ्या जागी पळतोस आणि तिथे पुन्हा पहिल्या खेपेचेच फोटो काढतोस.

गुऱ्हाळच हवं असं नाही. कुस्तीची तालीम घे. लाल माती, एखादीच खिडकी, तेल लावलेली अंगं. कमी उजेड कसा हाताळायचा ते तिथे शिकशील. पण आधी कॅमेरा पिशवीत ठेवून जा, वस्तादांना विचार, एक दिवस नुसता बस. काढलेल्या फोटोंच्या प्रिंट पुढच्या वेळी नेऊन दे. फोनवर पाठवू नकोस, प्रिंटच दे. मला गुऱ्हाळात पहाटे चारला कुणी आत घेतलं नसतं. भिंतीवरच्या खिळ्याला माझी एक प्रिंट लटकलेली होती म्हणून घेतलं.

हलत्या गोष्टींसाठी रंकाळ्याच्या रस्त्यावर एक संध्याकाळ उभा राहा आणि सायकलवाल्यांबरोबर कॅमेरा फिरवत १/३०ने काढ. तीसात दोन जमतील. पुरे, पुढे जा.

निवडीबद्दल मात्र हट्ट धरणार आहे. जागेवर स्क्रीन बघून फोटो उडवायचे नाहीत. घरी आल्यावरही आठवडाभर बघायचे नाहीत, कारण काढतानाची मेहनत आठवत असते आणि ती फोटोत दिसत नाही. आठवड्याने २००तले १० निवड, त्यांच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट काढ आणि फरशीवर मांड. उलटे ठेवूनही बघ. चेहरे ओळखू येईनासे झाले की उजेड-काळोखाचे नुसते आकार दिसतात आणि फ्रेम कुठल्या बाजूला कलंडलीय ते कळतं. नापास झालेल्यांतले पाच फोटो घे आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिही, काय करायला हवं होतं. 'आणखी दोन पावलं डावीकडे.' 'माणूस वळेपर्यंत थांबायला हवं होतं.' 'मागे खांब.' महिनाभराने त्या ओळी वाच. तेच तेच वाक्य पुन्हा येताना दिसेल. तोच तुझा पुढचा प्रयोग, तो मी इथे बसून ठरवू शकत नाही.

राहिली ५० एमएम. तुझ्या कॅमेऱ्यावर ती ७५-८०सारखी वागेल, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दोघं जेमतेम मावतील. तिची खरी किंमत उजेडात आहे. किट लेन्स ५५च्या टोकाला एफ ५.६च्या पुढे उघडत नाही, ही एफ १.८ला उघडते, जवळजवळ दहापट उजेड. तालमीत तुला १/१५ मिळत असेल तिथे १/१२५-१/१५० मिळेल, म्हणजे हललेला पैलवान स्थिर होईल. तेव्हा टेपचा महिना पुरा कर. वहीत 'उजेड कमी पडला' हे वाक्य वारंवार आलं तर लेन्स घे, 'आणखी जवळ जायला हवं होतं' हेच आलं तर पैसे वाचले. सेकंडहँड घेतलीस तर काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून बघ. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि विकणारा ती धूळ आहे म्हणून सांगतो. घेतल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, कापडी बॅगेत नको.

कोर्स नको असं म्हणणार नाही, शिस्त लागत नसेल तर कर. पण ८ हजारांतले दोन प्रिंटना आणि दोन एसटीला बाजूला काढ. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतात, कणेरी-पन्हाळ्याच्या बाजूला विचारलंस तर कुणीही रस्ता दाखवेल. त्याआधी ते ५०० फोटो मोजून पाच रकान्यांचे आकडे मला पाठव, लेन्सचं मग बघू.